ग्रेट झिम्बाब्वे कोणी बांधलं? गोऱ्या राजवटीला नको असलेलं उत्तर देणाऱ्या गर्ट्रूड केटन-थॉम्पसन

झिम्बाब्वेचा क्रिकेट सामना पाहताना त्यांचा झेंडा तुम्ही नक्की पाहिला असेल. पांढरा त्रिकोण, त्यात लाल तारा आणि ताऱ्यावर बसलेला एक पिवळा पक्षी. हा पक्षी चित्रकाराच्या कल्पनेतून आलेला नाही. शेकडो वर्षांपूर्वी मऊ दगडात कोरलेले असे आठ पक्षी या देशातल्या एका उद्ध्वस्त नगरात सापडले. त्या नगराचं नाव ग्रेट झिम्बाब्वे. १९८० साली देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याने आपलं नाव याच अवशेषांवरून घेतलं.

एखाद्या देशाने पुरातत्त्वीय अवशेषांचं नाव धारण करावं असं या अवशेषांत काय होतं? सुमारे शंभर वर्षं एक वाद चालू होता. हे नगर आफ्रिकेच्या काळ्या माणसांनी बांधलं, की बाहेरून आलेल्या कुणी? वरवर हा प्रश्न इतिहासाचा वाटतो. प्रत्यक्षात तो जमिनीचा आणि राज्य करण्याच्या हक्काचा होता. त्याचं पुराव्यानिशी उत्तर देणाऱ्यांत सर्वांत महत्त्वाचं नाव आहे गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या इंग्लिश महिलेचं. आज त्यांचीच गोष्ट पाहू.

आधी समजून घेऊ, ग्रेट झिम्बाब्वे म्हणजे काय?

आजच्या झिम्बाब्वेच्या आग्नेय भागात मासविंगो नावाचं शहर आहे. तिथून जवळच हे अवशेष आहेत. एका टेकडीवर दगडी बांधकामं आहेत आणि खाली एक प्रचंड गोलाकार वाडा आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीचा घेर सुमारे २५० मीटर आहे आणि उंची काही ठिकाणी ११ मीटर, म्हणजे तीन मजली इमारतीएवढी. आत एक भरीव शंकूच्या आकाराचा बुरूज आहे. टेकडी आणि वाडा यांच्यामधल्या खोऱ्यात लहान लहान अवशेष विखुरलेले आहेत.

विशेष म्हणजे या भिंतींत चुना किंवा माती नाही. कोकणात शेताच्या कडेने दगडावर दगड रचून गडगा घालतात, तसंच हे काम. फक्त इथे ग्रॅनाइटचे तासलेले दगड ओळीने, विटांसारखे रचलेत आणि त्या भिंती पाच-सहाशे वर्षांनंतरही उभ्या आहेत. शोना भाषेत झिम्बाब्वे या नावाचा अर्थ साधारणपणे दगडी घरं असा लावला जातो.

आज आपल्याला माहीत आहे की हे नगर शोना भाषकांच्या पूर्वजांनी साधारण ११व्या ते १५व्या शतकात उभारलं. गुरांचे मोठे कळप आणि सोन्याचा व्यापार यांवर ते श्रीमंत झालं. इथलं सोनं हिंदी महासागराच्या काठावरच्या सोफाला बंदरातून किल्व्याला आणि पुढे दूरदेशी जायचं. बदल्यात यायचे काचेचे मणी, कापड आणि चिनी भांडी.

पण हे सगळं आज. १९व्या शतकात युरोपीय लोक तिथे पोहोचले तेव्हा त्यांनी काय मानलं?

एका लाकडाच्या वासावरून राणी शीबापर्यंत

१८७१ साली कार्ल माउख हा जर्मन प्रवासी तिथे पोहोचला. अवशेषांतल्या एका लाकडाचा तुकडा त्याने काढला. तो त्याच्या पेन्सिलीच्या लाकडासारखा दिसत होता आणि तसाच वास येत होता. पेन्सिल देवदाराची, देवदार लेबननचा, म्हणजे हे लाकूड लेबननहून आलेलं, म्हणजे ही वास्तू बायबलमधल्या राणी शीबाची! असा त्याने तर्क लढवला. ते लाकूड बहुधा तिथल्याच रानातल्या झाडाचं होतं.

१८९० साली सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीने या प्रदेशाचा ताबा घेतला आणि पुढे त्याला ऱ्होडेशिया हे नाव मिळालं. ऱ्होड्सला ही कथा फार सोयीची होती. हे नगर फिनिशियन किंवा अरबांसारख्या बाहेरच्या लोकांनी बांधलं असेल, तर इथले काळे लोक नंतर आलेले ठरतात. मग गोऱ्यांनी जमीन घेणं म्हणजे कुणाची लूट नाही, जुन्या संस्कृतीचं पुनरागमन! ऱ्होड्सने इथला एक दगडी पक्षी विकत घेऊन केपटाऊनच्या आपल्या घरात ठेवला. १८९१ साली थिओडोर बेंट यांच्याकडून खोदकाम करवून घेतलं. बेंट यांनीही बाहेरचेच बांधकर्ते शोधून दिले.

पुढे तर १८९५ मध्ये प्राचीन अवशेषांतलं सोनं काढायला एक रीतसर कंपनीच स्थापन झाली. देशभरातल्या अवशेषांमधले दागिने काढून वितळवले गेले. १९०२ साली ग्रेट झिम्बाब्वेची देखभाल रिचर्ड हॉल या पत्रकाराकडे आली. त्याने मूळ परदेशी वास्तू मोकळी करण्याच्या नावाखाली आतला काळ्या लोकांच्या वस्तीचा मातीचा थर फावड्यांनी उपसून फेकून दिला. जो थर सगळं सांगू शकला असता, तोच कचरा समजून काढला गेला. १९०४ साली हॉलला पदावरून दूर करण्यात आलं, पण नुकसान होऊन गेलं होतं.

१९०५ साली ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेने डेव्हिड रँडल-मॅकायव्हर यांना पाठवलं. ते या अवशेषांवर काम करणारे पहिले प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञ. त्यांनी सांगितलं की हे बांधकाम मध्ययुगीन आहे आणि आफ्रिकनांचंच आहे. ऱ्होडेशियातले गोरे वसाहतवाले खवळले. हॉलने उत्तरादाखल जाडजूड पुस्तक लिहिलं. वाद मिटला नाही. वीस-बावीस वर्षांनी असोसिएशनने पुन्हा कुणालातरी पाठवायचं ठरवलं. या वेळी निवड झाली गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांची.

तिसाव्या वर्षानंतर सापडलेली वाट

गर्ट्रूड यांचा जन्म १ फेब्रुवारी १८८८ रोजी लंडनमध्ये झाला. त्या पाच वर्षांच्या असताना वडील वारले. घरची परिस्थिती चांगली होती आणि वारशाने मिळालेल्या पैशांमुळे पोटापाण्याची चिंता नव्हती. त्या काळातल्या अशा मुलींनी प्रवास करावा, चार माणसांत वावरावं आणि लग्न करावं एवढीच अपेक्षा असे. गर्ट्रूड यांनी आईबरोबर इजिप्तचा प्रवास केला, लंडनमध्ये प्राचीन ग्रीसवरची व्याख्यानं ऐकली आणि स्त्रियांच्या मतदानहक्काच्या चळवळीतही भाग घेतला.

मग पहिलं महायुद्ध आलं. ज्या सैनिकी अधिकाऱ्यावर त्यांचं प्रेम होतं तो १९१६ साली इजिप्तच्या वाळवंटात मारला गेला. त्यांनी पुढे लग्न केलं नाही. युद्धकाळात त्या सरकारच्या जहाजवाहतूक खात्यात काम करत होत्या. १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेलाही त्या गेल्या होत्या. कायमची सरकारी नोकरी समोर होती. ती नाकारून १९२१ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्या युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. शिक्षक होते इजिप्तच्या उत्खननातलं त्या काळचं सर्वांत मोठं नाव, फ्लिंडर्स पेट्री.

पेट्री यांच्याबरोबर त्या इजिप्तमध्ये अबायडोसला गेल्या. पुढे बदारी भागात काम करताना त्यांचा मुक्काम एका प्राचीन थडग्यात होता. शेजाराला नागांचं कुटुंब होतं. तरसांच्या भीतीने त्या उशाखाली पिस्तूल ठेवून झोपत.

खरी गोष्ट मात्र त्यांच्या खोदण्याच्या पद्धतीची आहे. पेट्री यांचा गट कबरी शोधत असे. गर्ट्रूड यांनी हेमामिया इथली एक साधी वस्ती निवडली. ती सहा-सहा इंचांच्या थरांत खणली आणि प्रत्येक वस्तू कुठे, किती खोलीवर मिळाली याची नोंद ठेवली. त्यामुळे इजिप्तच्या राजांच्याही आधीच्या संस्कृतींचा क्रम प्रत्यक्ष मातीत, एकावर एक असा दिसला. बदारी संस्कृती त्यांत सर्वांत खाली, म्हणजे सर्वांत जुनी होती.

त्यानंतर भूगर्भतज्ज्ञ एलिनॉर गार्डनर यांच्याबरोबर त्यांनी फयूमच्या वाळवंटात काम केलं. तिथे जमिनीत खणलेली धान्याची पेवं सापडली आणि त्यांत गहू आणि जव शिल्लक होते. इजिप्तमधल्या सर्वांत जुन्या शेतीचा हा पुरावा. राजे, सोनं आणि ममी यांच्या मागे सगळं जग धावत असताना या दोघी शेतकऱ्यांची पेवं मोजत होत्या.

साध्या वस्तू, त्यांची नेमकी जागा आणि खोलीची काटेकोर नोंद, ही सवय पुढे ग्रेट झिम्बाब्वेला कामी आली.

१९२९: तिघी जणी आणि एक दुर्लक्षित अवशेष

१९२९ साली गर्ट्रूड ऱ्होडेशियात पोहोचल्या. मदतीला होत्या डोरोथी नोरी आणि २३ वर्षांची कॅथलीन केनियन. केनियन छायाचित्रणाचं काम पाहत होत्या आणि हे त्यांचं पहिलंच उत्खनन होतं. ऱ्होडेशियातल्या लोकांना या तीन बायकांच्या मोहिमेचं नवल वाटणं साहजिक होतं.

गर्ट्रूड यांच्यापुढे मोठी अडचण होती. टेकडी आणि मोठा वाडा दोन्ही आधीच्या खोदकामांनी उकरून ठेवलेले. तिथे काही सापडलं तरी ते मूळ जागी आहे हे कसं सांगणार? म्हणून त्यांनी खोऱ्यातला माउंड अवशेष नावाचा, फारसा कुणी न छेडलेला भाग निवडला. परिसराची विमानातून पाहणी केली. त्या काळी ही पद्धत अगदी नवी होती.

आता त्यांच्या पद्धतीतली मेख समजून घेऊ. समजा, एखाद्या जुन्या वाड्याची फरशी उखडली आणि तिच्याखाली, आधी कधीच न हललेल्या मातीत, १९५० सालचं नाणं मिळालं. मग वाडा पेशवेकालीन आहे असं कुणी कितीही सांगितलं तरी ती फरशी १९५० च्या आधीची असू शकत नाही. फरशीवर सापडलेलं नाणं कुणीही, कधीही टाकलेलं असू शकतं. फरशीखाली बंद झालेलं नाणं मात्र काळाची सीमा आखून देतं.

गर्ट्रूड यांनी नेमकं हेच केलं. दगडी भिंतींच्या आत मातीची घरं होती आणि त्या घरांच्या कठीण जमिनी शाबूत होत्या. या जमिनींखाली आणि भिंतींच्या पायाखाली काय आहे, हे त्यांनी पाहिलं. मिळाल्या त्या स्थानिक घडणीच्या मातीच्या भांड्यांच्या खापऱ्या, लोखंडी वस्तू आणि व्यापारातून आलेले काचेचे मणी. भिंत उभी राहण्याआधी तिथे राहणारे लोक आफ्रिकन होते, भिंत उभी राहिली तेव्हाही तेच होते आणि नंतरही तेच. फिनिशियन, शीबाचे लोक किंवा प्राचीन अरब तिथे राहिल्याची एकही खूण मिळाली नाही.

शंकूच्या बुरुजाखाली गुप्त खजिना किंवा राजाची कबर असल्याच्या आख्यायिका होत्या. गर्ट्रूड यांनी थेट बुरुजाखालून बोगदा खणला. खाली काहीच नव्हतं. त्या एकाच जागेवर थांबल्या नाहीत, तर देशातल्या इतर दगडी अवशेषांनाही भेटी देऊन तिथेही हीच पद्धत वापरली. उत्तर सगळीकडे तेच आलं.

परदेशी मणी सापडले, मग परदेशी लोक आले नव्हते का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. तोही त्यांनी हाताळला. मणी व्यापाराची साक्ष देतात, मालकीची नाही. काचेच्या मण्यांवरून त्यांना भारताशी असलेल्या सागरी व्यापाराचा मोठा वाटा दिसला. आपल्याकडे रोमन सुरया सापडतात म्हणून काही आपली लेणी रोमनांनी कोरली असं होत नाही. तसंच हे.

परिषदेतला गदारोळ

त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनची परिषद दक्षिण आफ्रिकेत भरली होती. गर्ट्रूड यांनी तिथे आपले निष्कर्ष मांडले. हे अवशेष आफ्रिकन आहेत, मध्ययुगीन आहेत आणि याविरुद्ध जाणारी एकही वस्तू मिळालेली नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

सभागृहातच विरोध झाला. आफ्रिकेतल्या आदिमानवाच्या शोधामुळे जगप्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ रेमंड डार्ट संतापले आणि तावातावाने बोलून निघून गेले. ज्याने माणसाचा उगम आफ्रिकेत दाखवला, त्यालाच आफ्रिकेतली ही भव्य वास्तू आफ्रिकनांची आहे हे पटेना! वर्तमानपत्रांतून वाद पेटला. पुढची अनेक वर्षं गर्ट्रूड यांना विक्षिप्त सिद्धान्त सांगणारी आणि शिव्या देणारी पत्रं येत राहिली. त्यांनी ती सगळी एका फाइलमध्ये ठेवली आणि फाइलवर लिहिलं, वेडगळ.

१९३१ साली त्यांचं ‘द झिम्बाब्वे कल्चर’ हे पुस्तक आलं. त्यात खोदलेल्या थरांचे आराखडे, मणी, खापऱ्या असा सगळा पुरावा होता. शंका असेल त्याने तो तपासून पाहावा. पुरातत्त्वज्ञांपुरता वाद तिथे संपला.

त्यांचं काय चुकलं?

गर्ट्रूड यांना देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. त्यांनी वास्तूची सुरुवात साधारण ८व्या-९व्या शतकात धरली होती. नंतर रेडिओकार्बन पद्धत आली, मण्यांचा अभ्यास पुढे गेला आणि मोठ्या दगडी बांधकामांचा काळ आणखी अलीकडे आला. या बाबतीत १९०५ च्या मॅकायव्हर यांचा अंदाज अधिक जवळचा ठरला.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. बांधकर्ते आफ्रिकन आहेत हे त्यांनी ठामपणे सांगितलं, पण त्याच वेळी त्या बांधकामामागची बुद्धी बालिश असल्याचंही लिहिलं. म्हणजे श्रेय दिलं, पण पूर्ण आदर दिला नाही. त्या त्यांच्या काळाच्या आणि साम्राज्याच्या अपत्य होत्या. तरीही एक फरक लक्षात घ्यावा लागतो. पूर्वग्रह त्यांच्यातही होते, पण ते त्यांनी पुराव्याच्या आड येऊ दिले नाहीत. हॉलने नको असलेला थर उपसून फेकला होता. गर्ट्रूड यांनी प्रत्येक थर मोजला.

पुढचं आयुष्य

ऱ्होडेशियानंतर त्या पुन्हा गार्डनर यांच्याबरोबर इजिप्तमधल्या खारगा मरूद्यानात गेल्या. १९३७-३८ मध्ये दक्षिण अरबस्तानातल्या हद्रमौत इथे त्यांनी चंद्रदेवाचं मंदिर उत्खनन करून बाहेर काढलं. त्या मोहिमेत प्रसिद्ध प्रवासी लेखिका फ्रेया स्टार्क सोबत होत्या आणि दोघींचं अजिबात पटलं नाही. १९४० मध्ये गर्ट्रूड प्रीहिस्टॉरिक सोसायटीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि १९४४ मध्ये ब्रिटिश अकादमीच्या फेलो. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी मैदानी काम थांबवलं.

ग्रेट झिम्बाब्वेला पहिला धडा गिरवणाऱ्या कॅथलीन केनियन पुढे जेरिकोच्या उत्खननामुळे जगभर गाजल्या. केनियन यांनी नंतर मॉर्टिमर व्हीलर यांच्याबरोबर काम केलं. हेच व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले आणि त्यांनी भारतीय पुरातत्त्वज्ञांच्या एका पिढीला थरांनुसार खोदण्याची शिस्त लावली.

राजवट पुन्हा जुन्याच कथेकडे

शास्त्रात वाद संपला, राजकारणात नाही. १९६५ साली ऱ्होडेशियातल्या गोऱ्या अल्पसंख्याक सरकारने ब्रिटनपासून एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं. बहुसंख्य काळ्यांना सत्ता द्यायची नव्हती. अशा वेळी काळ्यांच्या पूर्वजांनी एवढं नगर उभारलं होतं, हे अधिकृतपणे सांगणं सरकारला परवडणारं नव्हतं. मार्गदर्शक पुस्तिकांमधून बांधकर्त्यांविषयी निःसंदिग्ध काही लिहू नये असा दबाव आला. स्मारकांचे वरिष्ठ निरीक्षक असलेले पुरातत्त्वज्ञ पीटर गार्लेक यांनी खरं तेच सांगायचा आग्रह धरला आणि १९७० साली त्यांना देश सोडावा लागला.

तिकडे स्वातंत्र्यसैनिकांनी झिम्बाब्वे हे नाव कधीच उचललं होतं. १९६१ साली स्थापन झालेल्या झापू या पक्षाच्या नावातच ते होतं. ज्या भिंती तुमच्या नाहीत असं सांगितलं जात होतं, त्याच भिंतींचं नाव लढ्याला मिळालं.

१८ एप्रिल १९८० रोजी झिम्बाब्वे स्वतंत्र झाला. १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने आपल्याकडचे काही दगडी पक्षी परत केले. १९८६ मध्ये ग्रेट झिम्बाब्वे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. एका पक्ष्याच्या बैठकीचा तुकडा जर्मनीत गेला होता, तो २००३ मध्ये परत आला.

गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी हे स्वातंत्र्य पाहिलं. १९८३ साली त्यांच्या आठवणी पुस्तकरूपाने आल्या. १८ एप्रिल १९८५ रोजी, झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्याला बरोबर पाच वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी, वयाच्या ९७व्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांचं निधन झालं.

एक गोष्ट मात्र विसरू नये. आपल्या पूर्वजांनी या भिंती रचल्या हे शोना लोकांना कुणा परदेशी संशोधकाने शिकवण्याची गरज नव्हती. त्यांच्यासाठी ती पूर्वजांची पवित्र जागा होती आणि वसाहतीच्या काळात तिथे आपले विधी करायलाही त्यांच्यावर बंधनं आली. मात्र त्यांचं म्हणणं पुरावा म्हणून कुणी ऐकून घेत नव्हतं. गर्ट्रूड यांच्या कामाने एक झालं. ज्यांना ऐकायचंच नव्हतं त्यांना निदान अज्ञानाची सबब उरली नाही. १९३१ नंतर जो कुणी राणी शीबाची गोष्ट सांगत राहिला, तो ती माहीत असूनही सांगत होता.